आबांनी पास केलेली गाडी

आबांनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "गरम हाय."

"सकाळी धुवायला म्हणून जरा हलवली होती, आबा," खोत म्हणाला.

"मग थंड होऊ दे. आमी बसतो. गरम इंजिन खोटं बोलतं."

खोत हसला आणि त्याने दोन चहा सांगितले. जयसिंगपूरच्या रस्त्याला पत्र्याच्या मोठ्या शेडखाली त्याचा जुन्या गाड्यांचा धंदा होता. आबा आले की तो आपली गादीची खुर्ची त्यांना द्यायचा आणि स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचा. त्याला कारण होतं. आबांनी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं मिस्त्री म्हणून काढली होती. रिटायर झाल्यावर विट्यात कुणालाही जुनी गाडी घ्यायची असली की तो आधी आमच्या दारात यायचा. आबा त्याच्याबरोबर जायचे, हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मिनिटभराने निकाल. बदल्यात एक चहा आणि एक नारळ, त्याहून जास्त काही कुणी पुढे केलं तर ते रागावायचे. "ही आबांनी पास केलेली गाडी आहे," असं खोत गिऱ्हाइकाला सराफाने हॉलमार्क दाखवावा तसं सांगायचा.

त्या दिवशी गिऱ्हाईक मीच होते. मी फिजिओथेरपिस्ट. विट्याच्या आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन पेशंटकडून व्यायाम करून घेते. लेंगरे, भाळवणी, खानापूर असं स्कूटरवरून हिंडत दुसऱ्यांच्या कमरा सरळ करता करता शेवटी माझीच कंबर धरली. म्हणून चारचाकी घ्यायची ठरली. खड्ड्यांत टेकणार नाही इतकी उंच आणि गावातल्या बोळात वळेल इतकी आखूड. नवऱ्याने पैशाला हो म्हटलं आणि निवड सासऱ्यांवर, म्हणजे आबांवर, सोडली.

शेडच्या कडेला एकाच गाडीचे दोन अवतार शेजारी शेजारी उभे होते. गाडीचं नाव लिहीत नाही; या धंद्यात ती 'जुना शेप' आणि 'नवा शेप' अशीच ओळखली जाते. जुना शेप २०१६चा, डिझेल, चौकोनी, दार लावलं की धप्प आवाज करणारा. नवा शेप २०२०चा, पेट्रोल, गोलसर, समोर बारीक लांबट दिवे, आत मोठा स्क्रीन. मी आठवडाभर इंटरनेटवर वाचून वहीत टिपणं काढली होती.

"आबा, नव्या शेपला सहा एअरबॅग आहेत. जुन्याला दोनच."

"आपटायचीच तयारी करून निघणार हायस काय?"

"मागचा कॅमेरा आहे. मागं घेताना सगळं दिसतं."

"मान वळवली की फुकटात दिसतं."

"जुन्याची उंची बोटभर जास्त आहे, तेवढं मान्य. पण मागची सीट सरळसोट, लांबच्या गावाला बसवत नाही. आणि मला स्टेअरिंग जड जातं त्याचं."

"पत्रा बघ पर," आबा उठले आणि जुन्या शेपच्या दारावर बोटाच्या पेराने टकटक केलं. मग नव्याच्या दारावर. "ह्यो बघ, बिस्किटाच्या डब्याचा. जुन्यात माणूस बसतो, नव्यात फोन बसतो."

खुर्च्यांवरची माणसं हसली. चार-पाच गिऱ्हाईकं होती, बहुतेक आमच्याच भागातली. आबा आलेत म्हटल्यावर ती मुद्दाम थांबली होती. त्यांत निवृत्ती बाबर म्हणून भाळवणीचे एक बागायतदार होते. ते खुर्ची ओढून आबांच्या समोर येऊन बसले आणि त्यांनी विचारलं, "म्हंजे आबा, तुमचं मत जुन्यालाच?"

"मत कशाचं? इंजिन ऐकल्याबिगर मत न्हाई."

वहीतली एक ओळ मी आबांना वाचून दाखवली नव्हती. नव्या शेपच्या पहिल्या दोन वर्षांच्या गाड्यांत इंजिनाची आतली चेन लवकर सैल पडते, गार इंजिन चालू करताना दोन-चार सेकंद खडखड वाजते, आणि दुर्लक्ष केलं तर एक दिवस सगळं इंजिनच जातं, असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. मला नवाच शेप हवा होता, म्हणून ती ओळ मी मनातच ठेवली. म्हटलं, चेन वाजलीच तर आबांना ऐकू येईलच. आबांच्या पुढ्यात इंटरनेटची काय टाप!

दोन तासांनी आबांनी पुन्हा तळहात ठेवला. गाड्या थंड झाल्या होत्या.

आधी जुना शेप. खोताच्या माणसाने चावी फिरवली, डिझेल इंजिन थरथरत जागं झालं. आबा वाकले, स्क्रूड्रायव्हर चार ठिकाणी टेकवला, डोळे मिटले. "तिसरा इंजेक्टर आळशी हाय," ते म्हणाले.

"कमाल आहे आबा," खोत खुर्चीवरून उठलाच. "कालच आमचा मेकॅनिक हेच म्हणाला."

माझी मान ताठ झाली. मला तर त्या आवाजात काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

मग नवा शेप. आबांनी टोक टेकवलं, मूठ कानाला लावली आणि हाताने खूण केली. चावी फिरली. इंजिनाच्या आतून खडखडखड असा आवाज आला, पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा. शेडच्या त्या टोकाला टायर धुणाऱ्या माणसानेसुद्धा वळून बघितलं. तीन-चार सेकंद, मग आवाज थांबला आणि इंजिन शांत चालू लागलं.

आबांचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर हसू होतं.

"वा," ते म्हणाले. "काय गुळगुळीत चालतंय! काय सुदिक आवाज न्हाई. उज्जू, मी माझं शब्द मागं घेतो. नवा शेप जिंकला."

खोत इंजिनाकडे बघतच नव्हता, तो आबांकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं आणि मलाही कळलं होतं. डिझेलची थरथर आबांच्या हाताला कळत होती. कानाला काहीच कळत नव्हतं. घरात टीव्ही मोठा लावणं, मी पाठीमागून हाक मारली की ओ न देणं, बोलताना माणसाला समोरच बसवून घेणं, या सगळ्याला मी म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. रोज पेशंटच्या खांद्यात कुठली शीर आखडलीय ते सांगणारी मी, घरातल्या माणसाचा कान गेला तरी मला पत्ता नव्हता. मला स्वतःचीच लाज वाटली.

"मग ताई," खोत हळू आवाजात म्हणाला, "काय करायचं?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. पण बोलायचं म्हणजे त्या पाच-सहा जणांसमोर म्हणायचं, की आबा, तुम्हाला ऐकू येत नाही. आबा मूठ कानाला तशीच धरून माझ्याकडे अशा खुशीत बघत होते, की मला ते जमलं नाही.

"घेऊ," मी म्हणाले. "आबा म्हणतात तर घेऊ."

खोताने न मागता किंमत थोडी उतरवली. "आबांसाठी," तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. आपल्या तोंडाने आपल्या मालाला नावं ठेवणारा मात्र नव्हता. मी कागद करायला आत गेले. काचेतून दिसत होतं की बाबर आबांना हाताला धरून दुसऱ्या एका पांढऱ्या गाडीकडे नेतायत, "आबा, तेवढी माझीबी ऐका" असं काहीतरी सांगत. तीही नव्या शेपचीच होती. मी सह्या करत राहिले.

घरी सासूबाईंनी चाकाखाली लिंबं ठेवली, हळद-कुंकू लावलं, गल्लीत पेढे वाटले. पुढच्या आठवड्यात मी ट्रेनिंग आहे अशी थाप मारून कोल्हापूरला गेले आणि गाडी एका गॅरेजला दिली. तिथल्या मेकॅनिकने काढलेली चेन हातात लोंबकळत धरून दाखवली.

"बरं झालं आणली ताई. अजून दोन महिने चालली असती. मग तुटली असती, तीही चालत्या गाडीत."

नवीन चेन बसली, आवाज गेला. येताना मी अगदी मजेत गाणं म्हणत आले. गाडी सुधारली, आबांचं नाव राहिलं, कुणाला काही कळलं नाही. आपण फार शहाणपणा केला असं मला वाटत होतं.

पंधरा दिवसांनी आमच्या शेजारचे लेंगरेसर आले. त्यांनी एक गाडी बघून ठेवली होती, रविवारी आबांना न्यायचं होतं. आबा आत होते. मी फाटकापाशीच त्यांना म्हटलं, "सर, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दाखवून घ्या ना. मशीन लावून सगळं तपासतात हल्ली."

"आबा असताना?" सर हसले. "अहो, घरात सोनार असताना बाजारात कान कशाला टोचायचे?"

मी पण हसले आणि गप्प बसले. ती दुसरी वेळ.

रविवारी सकाळी आबांनी धुतलेला सदरा घातला. सर यायला वेळ होता, म्हणून माझ्या गाडीचं ऑइल-पाणी बघायला त्यांनी बॉनेट उघडलं. मी ओट्यावर चहा घेऊन उभी होते. ते वाकलेले होते ते बराच वेळ सरळ झाले नाहीत.

"उज्जू, हिकडं ये."

मी गेले. त्यांनी इंजिनाच्या कडेला बोट ठेवलं. तिथे झाकणाच्या कडेने सांधा बंद करायचं राखाडी लुकण बाहेर आलं होतं, अगदी ताजं. "ह्ये चेनचं झाकण. बोल्टावरचा रंग उडालाय. कवा उघडलं?"

"सर्व्हिसिंगला—"

"सर्व्हिसिंगला चेन उघडत न्हाईत. माझ्याकडं बघून बोल. तुझं तोंड दिसू दे मला."

मी त्यांच्याकडे बघितलं. "कोल्हापूरला. चेन बदलून घेतली."

"वाजत हुती?"

"हो."

"कवापासनं?"

"पहिल्या दिवसापासून. खोताकडं चालू केली तेव्हाच."

आबांनी हातातलं फडकं घडी करून बॅटरीवर ठेवलं. "सगळ्यास्नी ऐकू आलं?"

"आलं."

"आन मी म्हनलो, काय सुदिक आवाज न्हाई."

मला रडू आलं. "आबा, तुमचं नाव आहे एवढं. चारचौघांत मी कसं—"

"नाव माझं हुतं," आबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "ठेवायचं का घालवायचं, त्ये मी बघितलं आसतं. तू कोण?"

मी डोळे पुसले.

"मला वाटायचं, नवी इंजिनं शांत आस्त्यात," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली, ज्ये इंजिन ऐकतोय त्ये शांत. म्हनलं, सुधारणा झाली." मग बोटांवर मोजत त्यांनी विचारलं, "ह्या दोन वर्सांत किती गाड्या पास केल्या मी? दिघ्यांची एक. डॉक्टरांच्या ड्रायवरची. वरच्या आळीतल्या दोन..."

आम्ही तिथेच, उघड्या बॉनेटपाशी उभं राहून आठवल्या. माझी सोडून नऊ भरल्या.

तेवढ्यात लेंगरेसर नारळाची पिशवी घेऊन आले. आबांनी त्यांना बसूसुद्धा दिलं नाही. "सर, मी येत न्हाई. मला ऐकू येत न्हाई. दोन वर्सं झाली. गाडी वर्कशॉपात दाखवा." सरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. आबा मला म्हणाले, "गाडी काढ. नऊ घरं हायती."

"आबा, फोन करू या ना सगळ्यांना."

"फोनवर मला काय ऐकू येणार, तुझं कपाळ?"

आम्ही निघालो. पहिल्या घरी मी गाडीतून उतरायला लागले तर आबा म्हणाले, "तू बस. पास मी केलीया." ते एकटेच दारात गेले. ऐकू कमी येणारी माणसं मोठ्यानं बोलतात, आणि आता लपवायचं काही नसल्यामुळे आबांनी आवाज अजिबात आवरला नाही. "दिघे! मी तुमची गाडी पास केली, त्येचं काय खरं न्हाई! मला ऐकू येत न्हाई! इंजिन दुसऱ्याकडनं तपासून घ्या!" शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. आबांनी त्यांनाही सांगितलं. मी काच वर करून स्टेअरिंगला धरून बसले. जे नाव झाकायला मी एवढा खटाटोप केला होता, ते आबा गल्लीगल्लीत स्वतःच्या हाताने उतरवून ठेवत होते.

कुणी चिडलं. एका बाईने, "मग एवढे दिवस काय झोपला होतात?" असं विचारलं, ते आबांना कळलं नाही हे बरंच झालं. डॉक्टरांच्या ड्रायव्हरने त्यांना बळेच बसवून चहा पाजला. एका घरी कुलूप होतं. गाडी घेऊन मंडळी कोकणात गेली होती. आबांनी शेजाऱ्याकडून नंबर घेऊन माझ्या हातात दिला आणि मी फोन लावून निरोप देईपर्यंत शेजारी उभे राहिले. तेवढंच काय ते काम त्यांनी मला सांगितलं. दुपारी घरी जेवायला चला म्हटलं तर नको म्हणाले.

शेवटचं घर भाळवणीला, निवृत्ती बाबरांचं. दारातच ती पांढरी गाडी उभी होती. बाबर अंगणात कुणाशी तरी बोलत होते. आबा जाऊन त्यांच्या पुढ्यात उभे राहिले आणि घरोघरी सांगितलं तेच त्यांनी पुन्हा सांगितलं. सकाळपासून बोलून त्यांचा घसा बसला होता.

बाबर नीट ऐकून घेत होते. मग ते म्हणाले, "आबा, तुमास्नी ऐकू आलं न्हाई ह्ये मला माझी गाडी वाजली तवाच समजलं हुतं." एवढं बोलून ते आबांना ओलांडून माझ्या खिडकीपाशी आले. मी काच खाली केली.

"ताई, तुमची बी वाजली, माझी बी वाजली. डिट्टो तसलाच आवाज. मी न्हाईच म्हननार हुतो खोताला. पर तुमची वाजली तवा तुमी तिथंच उभ्या हुता. तुमच्या कानावर पडला तो आवाज, तुमचं तोंड मी बघितलं, आन तरीबी तुमी घेतली. मी म्हनलं, आबांची सून जाणून-बुजून घेतीया, म्हंजे ह्या गाडीचा आवाज असाच आसनार. म्हनून घेतली मी. अजून वाजतीया रोज सकाळी. थोरला पोरगा तीच घिऊन रोज साताऱ्याला जातो."

ते रागाने बोलत नव्हते. हिशेब चुकला कुठे, एवढंच विचारत होते.

आबा मागून आले. बाबरांची पाठ त्यांच्याकडे होती, त्यामुळे त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. ते खिडकीपाशी वाकले. "काय म्हनतोय त्यो?"

काही नाही म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. बाबर माझ्याकडे बघत होते. अंगणातला तो दुसरा माणूस, दारात आलेली बाबरांची बायको, सगळे बघत होते.

"आबा," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोल."

"आबा!" मी ओरडले. "ते म्हणतायत, तुमचं ऐकून नाही घेतली! मला आवाज ऐकू आला तरी मी गप्प बसले, ते बघून घेतली! माझ्यामुळं घेतली!"

आबांनी ते नीट ऐकलं. मान हलवली. मग त्यांनी माझ्या बाजूचं दार उघडलं आणि एका बाजूला सरकून उभे राहिले.

"मग ह्ये घर तुझं हाय," ते म्हणाले. "उतर."

मी इंजिन बंद केलं आणि उतरले.